मामाची सावली आणि मंडपाचं भोक

राजापेठ, अमरावती
३ मे

चि. गजेंद्र यास,
अनेक आशीर्वाद. सोबत एक धपाटाही होता, पण तो भगवंतदादाच्या टेम्पोतून पाठवता येत नाही.

ताईनं फोन काहून केला नाही, असं तुझ्या मनात आलं असेल. माझा फोन आईनं जप्त केला आहे. परवा मी किसनमामाशी फोनवर भांडले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू तो मीच यंत्रात घातला होता. आठवा महिना आहे, पूर्ण आराम करा, ताण देणाऱ्या गोष्टी बंद, असं फर्मान निघालं. आईच्या मते ताण देणाऱ्या गोष्टी दोनच, मोबाइल आणि तिचा सख्खा भाऊ. भावाला कोठीत कोंबता येत नाही, म्हणून मोबाइल गव्हाच्या कोठीत गेला. तेव्हा आता चिठ्ठ्या. भगवंतदादा पातूरचा भाजीपाला रोज इकडे आणतो, जाताना रिकामे क्रेट नेतो. टपाल खात्यापेक्षा बरा आहे, फक्त पत्राला वांग्यांचा वास येतो.

भांडणाचं कारण ऐक. मी शिकवते त्या पातूरच्या शाळेचा मामा सचिव झाल्यापासून त्याला प्रत्येक खोलीत भाडेकरू दिसतो. माझी प्रयोगशाळा तो जूनपासून इथल्याच एका क्लासवाल्याला देणार आहे. मामाकडे राहून मी त्याच शाळेत शिकले. भिंगाचे सगळे नियम पाठ केले आणि भिंग पहिल्यांदा हातात धरलं ते कॉलेजात. ती खोली मी भंगारातून, भिकेतून आणि भांडणातून उभी केली आहे. शेवटी मामा एका अटीवर आला. बावीस मेचा परदेशी प्रयोग झाला आणि त्याचा फोटो पेपरात आला, तर खोली माझी. नाही तर क्लासची.

तो प्रयोग मीच करणार होते. आता मला अंगणातसुद्धा जाऊ देत नाहीत आणि तुझे भाऊजी ड्यूटीवर भुसावळला. म्हणून तू. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षात सोडलेला, नांदगाव पेठेची सूतगिरणी सोडलेला, चिखलदऱ्याचं हॉटेल सोडलेला तू. गज्या, एवढं एक सोडू नको.

मी बाळंतपणाला इकडे आले म्हणून पातूरच्या माझ्या घरात तू थांबलाच आहेस, तर तिथंच राहा, मांजरीला दूध घाल. माझ्या वर्गातली आकांक्षा तुला भेटेल. पोट्टी हुशार आहे, तिचं ऐक.

लोभ आहे. त्याचा गैरफायदा घेऊ नये ही विनंती.
तुझी ताई,
प्रणाली

*

पातूर
६ मे

ती. प्रणालीताईस,
सा. न. वि. वि. म्हणजे साष्टांग नमस्कार. खरं तर कूलरपुढे साष्टांग पडूनच लिहून राहिलो.

तुझं पत्र मिळालं. लगेच कामाला लागलो असतो, पण वाटेत लेणी लागली. इतक्यांदा पातूरला आलो, पण लेण्यांत कधी गेलो नव्हतो. आत जो गारवा आहे ना ताई, तो तुझ्या कूलरच्या बापाला जमणार नाही. तिथं दोन म्हातारे पत्ते खेळून राहिले होते, त्यांना चौथा नाही तर तिसरा तरी पाहिजे होता. असा एक दिवस गेला. मांजरीचं दूध विसरलो नाही, ते मांजरीनंच विसरू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा उघडली. तुझ्या सांगाड्याच्या गळ्यात कोणीतरी हार घातला आहे. सव्वीस जानेवारीचा उरला असेल. आकांक्षा आली. तिनं मले आधी विचारलं की सर, तुमचं शिक्षण किती. मी सांगितलं. तिनं अख्खा फळा कोरा पुसून घेतला. मग तिनं मले प्रयोग शिकवला. मले समजला का नाही ते तूच तपास.

आपलं पातूर आणि कझाकस्तानचं अलमाटी हे नकाशावर एकाच उभ्या रेषेवर येतात. मी तुझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा लावून पाहिला, खरंच बरोबर डोक्यावर आहे. म्हणून तिकडच्या कुठल्या विज्ञान मंडळानं देशोदेशीच्या शाळांच्या जोड्या लावल्या, तेव्हा आपली जोडी त्यांच्याशी लागली. बावीस मेला भर दुपारी आपल्याकडे सूर्य नेमका डोक्यावर येतो. सरळ उभ्या दांड्याची सावली त्याच्याच पायात शिरते, म्हणजे शून्य. त्याच क्षणी अलमाटीत दांड्याची सावली पडतेच, कारण पृथ्वी टरबुजासारखी वाकलेली आहे आणि ते टरबुजाच्या वरच्या अंगाला राहतात. त्या सावलीवरून त्यांना सूर्याचा कल समजतो. तो कल म्हणजे पूर्ण टरबुजाची किती मोठी फोड, ते काढायचं. दोन गावांतलं अंतर म्हणजे त्या फोडीची साल. एका फोडीची साल समजली की अख्ख्या टरबुजाचा घेर समजला. मानलं बाप्पा! दोन दांडे आणि एक सूर्य, एवढ्यात पृथ्वीला टेप लागला.

पण यातली गंमत मले वेगळीच वाटली. हे एकट्याच्यानं होत नाही. दुसऱ्या टोकाला कोणीतरी खरं बोलणारं माणूस पाहिजे. माझं आजवर असं कोणाशीच जमलं नाही.

तिकडच्या मास्तरीण आयगुलबाई. मी इकडून मराठीत बोलतो, फोन त्याचं काहीतरी करतो, त्या तिकडून कझाखमध्ये बोलतात, फोन त्याचंही काहीतरी करतो. काल फोनच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी मले विचारलं की तुमचा खांब निरोगी आहे का. मी म्हटलं, एकदम ठणठणीत. त्यांच्या शाळेमागं बर्फाचे डोंगर दिसतात. मी त्यांना आपल्याकडचं पंचेचाळीस डिग्री दाखवलं, तर त्यांनी विचारलं की हे माणसाचं तापमान का गावाचं.

तुझा लोखंडी पाइप गवंड्याच्या ओळंब्यानं सरळ करून मैदानात पुरला आहे. काळजी करू नको. करायचीच असली तर हळूहळू कर.

वरणावर चिरून घालायला हिरव्या सांबाराची जुडी पाठवली आहे, पत्र तिच्या पोटात आहे.
तुझा, अजून काहीही न सोडलेला,
गजेंद्र

*

पातूर
१४ मे

चि. सौ. प्रणाली हिस,
किसनराव याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

विशेष असे की, तुझ्या प्रकृतीची चिंता तुझ्या मामीस व मला सतत असते. तू मजशी फोनवर जे बोललीस ते मी मनावर घेतलेले नाही. बहिणीची लेक असे बोलते हे चारचौघांत मात्र सांगितले आहे.

बावीस तारखेच्या आंतरराष्ट्रीय सोहळ्याची तयारी जोरात आहे. माजी सभापतीसाहेबांनी प्रमुख पाहुणे म्हणून येण्याचे मान्य केले आहे. स्वागताचे फ्लेक्स लागले. त्यावर साहेबांचा फोटो, माझा फोटो व कोपऱ्यात सूर्याचाही फोटो आहे. आयगुल मॅडमचा फोटो मिळाला नाही, म्हणून त्या जागी बर्फाचा डोंगर टाकला.

एवढ्या उन्हात साहेबांना उघड्यावर बसवणे योग्य दिसत नाही. म्हणून मोतीराम मंडपवाल्यास सांगून संपूर्ण मैदानावर मंडप घालून घेतला आहे. कापड दुहेरी आहे. उन्हाचा एक किरणही आत येणार नाही याची हमी त्याने दिली आहे. तुझा गजेंद्र यावर काहीतरी बोलत होता, परंतु त्याच्या बोलण्याकडे लक्ष देण्याची आमच्या घरात पद्धत नाही.

क्लासवाले जून लागताच फळा लावायला येणार आहेत. सोहळा गाजला तर त्यांना दुसरे काही सांगू. नाही गाजला तर तुलाही वाईट वाटू नये, एवढा आशीर्वाद आहेच.

प्रकृतीस जपावे, मामास विसरू नये.
तुझा,
किसनराव

*

राजापेठ, अमरावती
१५ मे

चि. गज्या,
आशीर्वाद वगैरे नंतर.

मामाचं पत्र वाचलं. सावलीचा प्रयोग आणि वर दुहेरी मंडप! पोहण्याच्या शर्यतीसाठी विहीर बुजवावी तसं हे झालं. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या क्लासातली पोरं गॅलरीत आली. आईनं लगेच दंडाला पट्टा बांधायला घेतला, तो मी तिच्याच दंडाला बांधला. तिचा आकडा माझ्याहून मोठा निघाला. आता दोघी पडून आहोत. बाबा भाजीचं दुकान सोडून वरण करून राहिले, आणि त्या वरणाबद्दल मी काही लिहीत नाही.

मामाला समजावून सांग की सूर्य मंडपाबाहेर असतो. मैदानाच्या एका टोकाला, भिंतीपाशी, थोडी जागा उघडी मिळव. आणि पाहुण्यांची वाट पाहू नको. आपल्याकडे पाहुणे आल्याशिवाय नारळ फुटत नाही हे खरं, पण सूर्याला कोणी निमंत्रणपत्रिका दिलेली नाही. तो आपल्या वेळेला येईल आणि सत्कार न घेता निघून जाईल. गेला की खोली गेली.

लोभ सध्या उकळतो आहे, निवला की पाठवीन.
प्रणाली

*

पातूर
१९ मे

ती. ताईस,
सा. न. पट्टा बांधून वाचावे.

मामाकडे गेलो. जेवायला बसवलं. गंगूमामीनं वांग्याचं भरीत केलं होतं, त्यावर कच्चं तेल आणि कांद्याची पात, त्यामुळे पहिली तीन वाक्यं माझी भरतातच गेली. मग मी मुद्द्यावर आलो. मामाचं म्हणणं पडलं की भिंतीपाशी बुफेचं जेवण आहे, ते हलणार नाही. मी म्हटलं की मामा, मंडपात सावलीच सावली, मग दांड्याची सावली कोणती ते ओळखायचं कसं. मामा विचारात पडला. तो विचारात पडला की मले भीती वाटते.

त्यानं तोडगा काढला. मंडपाच्या मधोमध, पाइपच्या बरोबर वर, सूर्यनारायणासाठी एक भोक पाडायचं. मोतीरामला हे सांगितलं तेव्हा तो आपलं कोणीतरी गेल्यासारखा खाली बसला. त्याचं म्हणणं, आजवर लोकांनी त्याच्या मंडपाला भोकं पडली म्हणून शिव्या दिल्या, मुद्दाम पाडायला सांगणारे पहिलेच. शेवटी दोन मोठ्या पराती मावतील एवढं गोल भोक पाडलं. वरून बांबूची कड बांधली.

मी शरमेनं त्याचा फोटो आयगुलबाईंना पाठवला. म्हटलं, आता त्या आपली जोडी तोडतात. तर त्या नाचायच्याच बाकी राहिल्या! जुन्या काळी त्यांच्याकडचे आणि अजून कुठकुठले लोक मोठमोठ्या इमारतींच्या छताला मुद्दाम असंच भोक ठेवायचे आणि आत जमिनीवर उन्हाचा ठिपका सरकताना पाहून सूर्य मोजायचे, असं त्यांनी सांगितलं. पाइपपेक्षा हे भारी आहे म्हणे. भोकातून ओळंबा सोडा, तो टेकेल तिथं खूण करा. उन्हाचा गोल नेमका त्या खुणेवर आला की सूर्य डोक्यावर आला. तुमच्याकडे हे कोणाला सुचलं, असं त्यांनी विचारलं. मी मामाचं नाव सांगितलं. ताई, माफ कर. खरं बोलायचं ठरलं होतं.

आकांक्षानं ओळंबा सोडून पाइपच्या बुडाशी जमिनीवर चुन्याची फुली मारली. आम्ही दोघं तिथं बसून उन्हाचा गोल सरकताना पाहत राहिलो. मिनिटाला बोटभर जातो. म्हणजे खरं तर आपणच जातो, तो नाही. मी आयुष्यभर इकडून तिकडे भटकतो म्हणून सगळे शिव्या देतात, आणि इथं अख्खं पातूर बसल्याजागी भटकून राहिलं आहे, त्याले कोणी काही बोलत नाही.

मांजर व्याली. तुझ्या आधी नंबर लावला.
तुझा,
गजेंद्र

*

अकोला
२४ मे

ती. प्रणालीताईस,
सा. न. आधी हे वाच की काम झालं. आता श्वास सोड. मग पुढचं वाच.

बावीस तारखेला सकाळी मैदानात गेलो तर पाइप गायब. मोतीरामच्या माणसांनी तो उपटून स्टेजवर माइक बांधला होता. मी म्हटलं जाऊ दे, चुन्याची फुली तर आहे. तर फुलीवर रांगोळी! सत्काराची जागा तीच ठरली होती, कारण अख्ख्या मंडपात तेवढाच उजेड, फोटो चांगला येतो. आकांक्षानं मात्र रांगोळीचा मध्य बरोबर फुलीवर साधला होता. मामानं तिची पाठ थोपटली. त्याले वाटलं पोट्टीले कलेची आवड आहे.

बारा वाजले. साहेबांचा पत्ता नाही. ड्रायव्हरचा फोन आला की वाटेत एका तेरवीला थांबले आहेत, जेवण चालू आहे. अलमाटीची पोरं प्रोजेक्टरच्या पडद्यावर, दांड्याभोवती घोळका करून तयार. मामानं जाहीर केलं की साहेब आल्याशिवाय कोणी प्रयोगाला हात लावायचा नाही. मी सांगितलं की सूर्य थांबत नाही. त्यावर मामानं पडद्याकडे बोट केलं. आयगुलबाईंच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. मामाचा हिशोब असा, की त्यांचे अजून बारा वाजायचे आहेत, म्हणजे आपल्याकडे भरपूर वेळ आहे. ताई, त्यांची घड्याळं अर्ध्या तासानं मागं चालतात, सूर्य तर एकच! आकांक्षानं हे त्याले तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा मामानं तिला पाणी पिऊन यायला सांगितलं.

इकडे उन्हाचा गोल रांगोळीवर चढत चालला. मध्यापासून जेमतेम पाच-सहा बोटं राहिली. तिकडे आयगुलबाई हातानं खुणा करून राहिल्या. माझ्या डोळ्यापुढं तुझी खोली आली आणि त्या खोलीत सांगाड्याच्या जागी क्लासवाल्याचा फोटो आला. मामाचा शब्द मोडून पोरांना फुलीवर पाठवलं असतं तर त्यानं भरसभेत प्रयोगच बंद पाडला असता. मग डोक्यात आलं की आपल्या घरात मामाले कोणी हलवू शकत नाही, पण सत्कार हलवू शकतो.

मी माइक घेतला. पाहुण्यांच्या आधी, हा सोहळा ज्यांच्यामुळे घडला त्या सचिवांचा सत्कार विद्यार्थ्यांच्या हस्ते व्हावा, अशी देशविदेशच्या पोरांची इच्छा आहे, तरी त्यांनी रांगोळीच्या मधोमध उभं राहावं, असं जाहीर केलं. मामानं आधी नको नको केलं, हात जोडले, पण पाय चालतच होते. मधोमध जाऊन असा ताठ उभा राहिला की ओळंब्यानं मान खाली घालावी. छाती पुढं, हार गळ्यात, शाल खांद्यावर, डोकं वर. तुझ्या पाइपपेक्षा सरळ.

आणि मग तो क्षण आला. मी तुले नीट सांगू शकत नाही. उन्हाचा गोल मामाच्या चारी बाजूंनी सारखा झाला. मामाची सावली एका अंगानं आकसत आकसत आली आणि बुटांखाली शिरली. मागं नाही, पुढं नाही, कुठंच नाही. अख्खा मंडप गप्प. कूलरचे पंखेसुद्धा कोणीतरी बंद केल्यासारखे वाटले. सगळे मामाच्या पायाकडे पाहून राहिले आणि मामाले वाटलं की ही शांतता आदराची आहे, म्हणून त्यानं पोट आणखी आत घेतलं. त्याचा प्रयोगाला फायदाच झाला. आकांक्षानं गुडघ्यावर बसून चहूबाजूंनी पाहिलं आणि पडद्याकडे वळून हातानं शून्य दाखवलं. तिकडची पोरं नोल, नोल म्हणून नाचायला लागली. त्यांच्याकडे शून्याला नोल म्हणतात. पेपरवाल्यानं फोटो काढला.

त्यांच्या मीटरभर दांड्याची सावली साडेबेचाळीस सेंटिमीटर भरली, म्हणजे सूर्याचा कल तेवीस अंश. दोन गावांतलं अंतर दोन हजार पाचशे वीस किलोमीटर धरून आकांक्षानं फळ्यावर गणित केलं. पृथ्वीचा घेर आला एकोणचाळीस हजार चारशे त्रेचाळीस किलोमीटर. खऱ्या घेराला साडेपाचशेच्या आसपास कमी. आयगुलबाईंनी सांगितलं की एका दांड्यात आणि एका मामात एवढं येणं म्हणजे कमाल आहे.

साहेब एक वाजून गेल्यावर आले. त्यांनाही तिथंच उभं केलं, पण ऊन सरकलं होतं, त्यामुळे त्यांचा अर्धा फोटो काळा आला.

आता मी अकोल्यात काय करून राहिलो? आकांक्षानं सांगितलं की बिनसावलीचा दिवस रोज थोडा थोडा उत्तरेला सरकतो. बावीसला पातूर, चोवीसला अकोला, पंचवीसला अमरावती. मले राहवलं नाही. भगवंतदादाच्या टेम्पोत बसलो. आज भाजी मंडईत, फुलकोबीच्या ढिगापाशी, मी माझी सावली जाताना पाहिली. बाजूच्या माणसाची, हमालाची, एका गाढवाचीसुद्धा गेली. कोणाचं लक्ष नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा बरोबर वेळेला बरोबर जागी होतो.

उद्या सव्वाबाराला अंगणात ये. आईला सांगू नको. हे पत्र माझ्या आधी पोचलं तर भगवंतदादाला चहा पाज, मी आधी पोचलो तर मले.
तुझा,
गजेंद्र

*

पातूर
२८ मे

चि. सौ. प्रणाली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. मी सुखरूप आहे, असे सध्या तरी म्हणतो.

विशेष असे की, पेपरात फोटो छापून आला. फोटो उत्तम आहे. परंतु त्याखाली त्या माणसाने असे छापले की, सचिवांची सावलीनेही साथ सोडली. हे वाचून तुझी मामी आडवी झाली. तिचे म्हणणे की सावली भुताला नसते, नाही तर जाणाऱ्याला नसते. मी तिला अंगणात नेऊन माझी सावली दाखवली. ती म्हणाली की ही तात्पुरती परत आलेली दिसते. तेव्हापासून मला रोज दूध-तूप चालू आहे, मुलीला व जावयाला भेटून जा म्हणून कळवले आहे, आणि गावात लोक मला नमस्कार करताना आधी पायाकडे पाहतात. धर्मेंद्र पानवाल्याने तर पान देण्यापूर्वी मला उन्हात उभे केले.

तू शास्त्राची शिक्षिका आहेस. मला काहीही झालेले नाही, असे शास्त्राच्या आधारे मामीस लिहून पाठवावे. तातडीचे आहे. मलाही वाचायला बरे पडेल.

प्रकृतीस जपावे. सावलीत राहावे.
तुझा,
किसनराव मामा

*

राजापेठ, अमरावती
३१ मे

चि. गजेंद्र यास,
अनेक आशीर्वाद. या खेपेला खरे.

तू परत गेल्यावर घर शांत झालं आणि आईचा आकडा खाली आला. पंचवीस तारखेची चुटपुट मात्र राहिली. तू, मी आणि माझं पोट असे तिघं ऐन वेळेला अंगणात ताठ उभे, आणि आई मागून छत्री घेऊन धावली. हे ग्रहणासारखंच काहीतरी असणार, गरोदर बाईला नको, या हिशोबानं तिनं ती माझ्यावर धरली. अख्ख्या अमरावतीची सावली नाहीशी झाली, तेव्हा मी एकटीच सावलीत होते.

मामाचं पत्र आलं, त्याला मी उत्तर धाडलं. लिहिलं की मामीला माझ्या कागदानं पटणार नाही, डोळ्यांनी पाहिलं तरच पटेल. सूर्य परतीच्या वाटेवर एकवीस-बावीस जुलैला पुन्हा पातूरच्या डोक्यावर येतो. त्या दिवशी मामीला, मामाला, पानवाल्याला, साऱ्या गावाला मैदानात उभं करू. सगळ्यांचीच सावली जाईल, मामीचीही. मग कोणी कोणाच्या पायाकडे पाहणार नाही. फक्त त्यासाठी प्रयोगशाळा जशी आहे तशी राहायला हवी, ओळंब्यापासून सांगाड्यापर्यंत, कारण एक वस्तू जरी हलली तरी शास्त्र हमी देत नाही.

काल भगवंतदादाकडून निरोप आला. मोडकी बाकं ठेवतो ना, ती मागची खोली मामानं क्लासवाल्याला दाखवली. आमच्या खोलीला त्यानं स्वतः नवं कुलूप लावलं आणि मामीला प्रयोग पटेपर्यंत किल्ली आकांक्षाकडे राहील, असं शाळेत सांगितलं. फोटो आल्यावर अटीप्रमाणे खोली माझीच होती, हे तो विसरला. मीही आठवण दिली नाही. दिलेल्या शब्दावरून माणूस केव्हाही फिरतो, जिवाच्या भीतीवरून फिरत नाही.

आयगुलबाईंना माझा नमस्कार कळव. त्या कमी पडलेल्या साडेपाचशे किलोमीटरचा हिशोब मी मनात केला. मामानं पोट आणखी आत घेतलं असतं तर तेही भरून निघाले असते.

आणि गज्या, तू आता दोन महिने पातूर सोडणार नाहीस असं आकांक्षा म्हणते. ती आपल्या सरांना चौथीपासूनचं गणित शिकवते आहे म्हणे. शीक. लाजू नको.

एकच जप. जुलैमध्ये आपल्याकडे आभाळ कसं गच्च भरलेलं असतं, आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही, हे मामाच्या अजून ध्यानात आलेलं नाही. तू बोलू नको. जुलैचं हुकलं, तर पुढचा मे आहेच, आणि तोवर किल्ली आकांक्षाकडेच. पुढच्या मेला साहेब कुठे जेवायला थांबतात ते पाहू.

लोभ आहे, आणि आता कुलपासकट आहे.
तुझी ताई,
प्रणाली